हा ‘पी’ कोणता? सूत्रातलं अक्षर ओळखायला शिकताना

विदर्भातल्या उन्हामुळं आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, डवरणी सुरू होते त्याच सुमारास आठवीची पोरं पहिल्यांदा खऱ्या अर्थानं सूत्रांना सामोरी जातात. सकाळी भूमितीच्या तासाला मी फळ्यावर वर्तुळ काढतो, केंद्राला ‘पी’ नाव देतो. दुपारी विज्ञानाच्या तासाला तोच ‘पी’ फॉस्फरस होतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला, “सर, मंग सकाळी वर्तुळाच्या मधात फास्फरस कायले ठेवला होता?”

वर्ग हसला, पण तिचा प्रश्न बरोबर होता. एकच अक्षर दोन तासांत दोन अर्थ घेऊन आलं होतं आणि ते तसं का, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती जबाबदारी माझी होती. तेव्हापासून शाळेचा पहिला आठवडा मी फक्त अक्षरं वाचायला शिकवण्यात घालवतो. पुढं लिहिलेलं त्याच आठवड्यातलं आहे. आठवी-नववीतल्या मुलांसाठी आहे आणि त्यांच्यासोबत रात्री अभ्यासाला बसणाऱ्या आई-बाबांसाठीही. शेवटच्या भागात खताची गोणी आणि मातीचा अहवाल आहे, तो शेती करणाऱ्या कुणालाही वाचता येईल.

पहिली पायरी: अक्षर कोणत्या जातीचं आहे ते ठरवा

सूत्रातलं अक्षर तीनपैकी एका प्रकारचं असतं. हे तीन प्रकार नीट कळले की अर्धं काम झालं, म्हणून इथं घाई करू नका.

पहिला प्रकार बैलाच्या नावासारखा. ढवळ्याला उद्यापासून सर्जा म्हटलं तरी बैल तोच राहतो, तेवढंच ओझं ओढतो. भूमितीत बिंदूंना दिलेली अक्षरं अशी असतात. त्रिकोण एबीसी म्हणा की पीक्यूआर म्हणा, तीन कोनांची बेरीज १८० अंशच येणार. इथं ‘ए’ म्हणजे काय, हा प्रश्नच नाही. तो फक्त बोट दाखवायला ठेवलेला आहे. तुमच्या आजोबांच्या काळच्या मराठी पुस्तकांत हाच त्रिकोण ‘अबक’ असायचा आणि भूमिती तंतोतंत हीच होती.

दुसरा प्रकार पायलीसारखा. पायली रिकामी असते. तिच्यात ज्वारी भरा, तूर भरा, मापायची रीत तीच. वर्तुळाच्या सूत्रातला ‘आर’ म्हणजे त्रिज्या, पण किती त्रिज्या? ते तुमच्या उदाहरणावर अवलंबून. विहिरीची असेल तर ३ मीटर, बांगडीची असेल तर ३ सेंटिमीटर. उंचीचा ‘एच’, लांबीचा ‘एल’, क्षेत्रफळाचा ‘ए’, घनफळाचा ‘व्ही’ ही सगळी मापाची अक्षरं. बहुतेक वेळा ती त्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर असतात, म्हणून तो शब्द एकदा पाठ केला की अक्षर विसरत नाही. त्रिज्या म्हणजे रेडियस, उंची म्हणजे हाइट.

तिसरा प्रकार गट नंबरासारखा. सातबाऱ्यावरचा गट नंबर तुम्ही मनानं बदलू शकत नाही. तो एकाच जमिनीचा असतो आणि तलाठ्यापासून तहसीलपर्यंत सगळे त्याला त्याच जमिनीचा मानतात. रसायनशास्त्रातली मूलद्रव्यांची अक्षरं या जातीची. ‘सी’ म्हणजे कार्बन, मग पुस्तक मराठी असो, चिनी असो की अरबी. भूमितीतही या जातीचं एक अक्षर आहे: ग्रीक लिपीतला ‘पाय’. वर्तुळ गावातलं असो की चंद्रावरचं, परीघ भागिले व्यास साधारण ३.१४ च येतो, म्हणून त्या संख्येला कायमचं नाव दिलं गेलं. १७०६ साली विल्यम जोन्स यांनी ते वापरलं आणि पुढं ऑयलर यांच्या लेखनामुळं ते जगभर रुजलं.

आता त्या मुलीचा प्रश्न सुटतो. सकाळचा पी ढवळ्या होता, दुपारचा पी गट नंबर.

अक्षराला राशीच्या जागी बसवणं ही परदेशातून आलेली गोष्ट आहे, असं मुलांना वाटतं, तेव्हा मी त्यांना आपलं जुनं बीजगणित दाखवतो. आपल्याकडे अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं होती आणि लिहिताना त्यांची पहिली अक्षरं घेत: या, का, नी, पी. पहिलं नाव सोडलं तर बाकीचे सगळे रंग आहेत, काळा, निळा, पिवळा. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणितात ही रीत आहे. एक्स, वाय, झेड ही अक्षरं अज्ञातासाठी रूढ झाली ती देकार्त यांच्या १६३७ सालच्या भूमितीच्या ग्रंथापासून. आपण एक्सचा ‘क्ष’ केला, आणि १८९५ साली राँटगेन यांनी न कळलेल्या किरणांना एक्स म्हटलं तेव्हा आपण त्यांनाही क्ष-किरण म्हणालो. दवाखान्यात पाय मोडल्यावर काढतात त्या फोटोच्या नावातसुद्धा एक पायली आहे, जी भरायची राहून गेली.

दुसरी पायरी: कॅपिटल की स्मॉल, ते डोळ्यात तेल घालून पाहा

मराठी लिपीत मोठं अक्षर, लहान अक्षर असा भेद नाही. त्यामुळं आपल्या पोरांचा डोळा त्याकडे जातच नाही. वहीत सगळं सारख्याच उंचीचं लिहिलेलं सापडतं, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

रसायनशास्त्रात नियम कडक आहे. मूलद्रव्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरं असेल तर स्मॉल. कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट, एक धातू. कॅपिटल सी आणि कॅपिटल ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, बंद खोलीत शेगडी पेटती ठेवली तर जीव घेणारा वायू. फरक फक्त एका अक्षराच्या उंचीचा. म्हणून सूत्र वाचताना मी मुलांना एक सवय लावतो: प्रत्येक कॅपिटल अक्षरावर थांबा. जितकी कॅपिटल अक्षरं, तितक्या वेळा मूलद्रव्याचं नाव आलं. कॅपिटलनंतर स्मॉल आलं तर ते आधीच्याच कुटुंबातलं, त्याला वेगळं काढू नका.

भूमितीत कॅपिटल बहुधा बिंदू आणि स्मॉल बहुधा रेषा किंवा लांबी. त्रिकोणात शिरोबिंदू कॅपिटल ए असेल तर त्याच्या समोरच्या बाजूच्या लांबीला स्मॉल ए म्हणतात. दोघांत नातं आहे, पण एक जागा आहे आणि एक माप. आपल्या पाठ्यपुस्तकात तर कॅपिटल ए, कंसात त्रिकोण एबीसी, असं लिहिलेलं असतं. तिथं एकाच ओळीत दोन ए आहेत. कंसाबाहेरचा ए म्हणजे ‘क्षेत्रफळ’ आणि कंसातला ए म्हणजे त्रिकोणाचा एक कोपरा. वाचताना ‘त्रिकोण एबीसीचं क्षेत्रफळ’ असं मोठ्यानं म्हणा. ‘ए ऑफ एबीसी’ म्हणाल तर दोन्ही ए एकमेकांत मिसळतील.

कॅपिटल-स्मॉलचं सगळ्यात महागात पडणारं उदाहरण आमच्या वावरातलं आहे. कॅपिटल एम आणि स्मॉल जी म्हणजे मॅग्नेशियम. कॅपिटल एम आणि स्मॉल एन म्हणजे मँगनीज. आणि दोन्ही स्मॉल, एम-जी, म्हणजे मिलिग्रॅम, तो पदार्थच नाही, वजनाचं माप आहे. पऱ्हाटीची पानं लाल पडतात, ज्याला आपण लाल्या म्हणतो, त्यामागं मॅग्नेशियमची कमतरता हे एक मोठं कारण असतं. शेतकरी मातीचा अहवाल काढतो, त्यात ‘एम-एन पुरेसं’ असं दिसतं आणि त्याला वाटतं की मॅग्नेशियम भरपूर आहे. पण तो मँगनीज होता. मृदा आरोग्य पत्रिकेवरच्या बारा गोष्टींत मॅग्नेशियम येतच नाही. तिथं नाही म्हणजे मातीत आहे असंही नाही आणि मातीत नाही असंही नाही. तपासलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी पायरी: नावाशी जुळत नसेल तर जुनं नाव शोधा

ऑक्सिजनचा ओ, हायड्रोजनचा एच, नायट्रोजनचा एन हे सोपं. मग सोडियम ‘एन-ए’ का, पोटॅशियम ‘के’ का, लोखंड ‘एफ-ई’ का? स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१३-१४ च्या सुमारास ही अक्षरांची पद्धत मांडली तेव्हा त्यांनी लॅटिन नावं धरली. सोडियम म्हणजे नेट्रियम, पोटॅशियम म्हणजे केलियम, लोखंड म्हणजे फेरम, तांबं म्हणजे क्युप्रम, चांदी म्हणजे अर्जेंटम, सोनं म्हणजे ऑरम, शिसं म्हणजे प्लंबम. पारा हायड्रार्जिरम, म्हणजे पाण्यासारखी चांदी, म्हणून एच-जी. ही जेमतेम दहा-बारा नावं आहेत. पाठ करण्याला पर्याय नाही, आणि मी तसा पर्याय शोधायलाही सांगत नाही. बाकीची शंभराहून जास्त इंग्रजी नावावरूनच कळतात.

‘के’ मात्र मी नेहमी थांबून सांगतो. केलियमचं मूळ अरबी भाषेत राखेच्या शब्दात आहे. लाकडाची राख पाण्यात उकळून, गाळून पोटॅश काढायचे. आपल्या माय-आजी चुलीच्या राखेनं भांडी घासत आल्या, त्यात हाच ‘के’ होता.

चौथी पायरी: अंक कुठं बसला आहे?

अक्षर ओळखलं, आता त्याच्या आजूबाजूचा अंक. अंकाला तीन जागा असतात: पुढं, पायाशी, खांद्यावर. आणि इथं भूमिती व रसायनशास्त्र यांचे रस्ते फुटतात.

पायाशी बसलेला अंक रसायनशास्त्रात मोजणी असते. एच, पायाशी २, ओ: हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. अंक ज्याच्या पायाशी, त्याचाच. पुढच्या ओ ला तो लागू होत नाही. ओ च्याही पायाशी २ आला तर ते पाणी राहत नाही, जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. भूमितीत पायाशी अंक असेल तर तो मोजणी नसून ओळख असते. एक्स-वन, एक्स-टू म्हणजे पहिल्या बिंदूचा एक्स आणि दुसऱ्या बिंदूचा एक्स. एकाच घरातले थोरला आणि धाकटा. एक्स-टूला दोन एक्स समजून दुप्पट करणारी वही मला दरवर्षी एक तरी मिळते.

खांद्यावरचा अंक भूमितीत घात दाखवतो. आर च्या खांद्यावर २ म्हणजे आर गुणिले आर. रसायनशास्त्रात खांद्यावर २ आणि अधिक चिन्ह दिसलं तर तो विद्युतप्रभार, गुणाकाराशी त्याचा संबंध नाही. गंमत म्हणजे बर्झेलियस स्वतः अणूंची संख्यासुद्धा खांद्यावरच लिहीत. ती पायाशी नंतर आली.

पुढं बसलेला अंक दोन्हीकडे गुणाकार करतो, पण रसायनशास्त्रात तो त्याच्या मागच्या अख्ख्या सूत्राला लागतो. पाण्याच्या सूत्रापुढं २ म्हणजे पाण्याचे दोन रेणू, त्यात हायड्रोजन चार आणि ऑक्सिजन दोन.

पाचवी पायरी: कंस, टिंब आणि त्रिकोण

कंसाबाहेर पायाशी अंक असेल तर तो कंसातल्या सगळ्यांना गुणतो. चुन्याच्या निवळीचं सूत्र घ्या: सी-ए, कंसात ओ-एच, कंसाच्या पायाशी २. कॅल्शियम एक, ऑक्सिजन दोन, हायड्रोजन दोन.

टिंबासाठी वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांकडे चला. तिथं झाडांवरच्या बुरशीसाठी बोर्डो मिश्रण करतात, मोरचूद आणि चुना. एक टक्का मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदाचं सूत्र: सी-यू, एस, ओ आणि पायाशी ४, मग मधे एक टिंब, मग पाण्याचे ५ रेणू. हे टिंब गुणाकाराचं नाही आणि दशांशाचंही नाही. खड्यात पाण्याचे पाच रेणू बांधलेले आहेत, एवढंच ते सांगतं. प्रयोगशाळेत मोरचूद तापवलं की हे पाणी निघून जातं आणि निळा खडा पांढरा पडतो. पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा. एकदा हे पाहिलेलं पोर टिंबाचा अर्थ विसरत नाही, म्हणून शाळेत मोरचूद नसेल तर कृषी केंद्रातून आणून शिक्षकांनी हा प्रयोग दाखवावाच. मोरचूद विषारी आहे, तेव्हा मुलांना हात लावू देऊ नये.

त्या तापवण्याच्या समीकरणात बाणावर एक छोटा त्रिकोण काढतात, त्याचा अर्थ ‘उष्णता द्या’. भूमितीत एबीसीच्या आधी तोच त्रिकोण म्हणजे त्रिकोण. दहावीत वर्गसमीकरण शिकाल तेव्हा तसंच दिसणारं ग्रीक अक्षर डेल्टा विवेचकासाठी येईल. तीन ठिकाणी तीन कामं, आणि शेजारी काय आहे ते पाहिलं तर एकाही ठिकाणी चूक होत नाही.

सहावी पायरी: अक्षराच्या जागी संख्या घाला, पण आधी शब्दात म्हणा

विहिरीचं उदाहरण. विहीर गोल, व्यास ६ मीटर, पाणी ५ मीटर खोल. पाणी किती? सूत्र आहे: व्ही बरोबर पाय, आर वर्ग, एच. पोरं घाईत आर च्या जागी ६ घालतात, कारण गणितात ६ दिलेला असतो. उत्तर येतं ५६५ घनमीटर. खरं उत्तर ३.१४ गुणिले ९ गुणिले ५, म्हणजे १४१.३ घनमीटर, १ लाख ४१ हजार ३०० लिटर. चौपट चूक. एवढ्या पाण्याच्या भरवशावर कुणी ओलिताचा हिशेब केला तर हरभरा अर्ध्यावर वाळेल.

उपाय साधा आहे. संख्या घालण्याआधी सूत्र मराठीत म्हणायचं: “घनफळ बरोबर पाय, गुणिले त्रिज्या, गुणिले त्रिज्या, गुणिले खोली.” ‘त्रिज्या’ म्हणताच हात थांबतो आणि ६ चे ३ होतात.

तिकोनी वावराचंही तसंच. तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायच्या हेरॉनच्या सूत्रात स्मॉल एस असतो, तो अर्धपरिमिती, म्हणजे तिन्ही बाजूंच्या बेरजेचा अर्धा. गंधकाचा एस कॅपिटल असतो आणि त्याचा इथं काही संबंध नाही. धुरे ५२, ५६ आणि ६० मीटर असतील तर परिमिती १६८ आणि एस ८४. क्षेत्रफळ १,३४४ चौरस मीटर, सातबाऱ्यावर ०.१३.४४. एस च्या जागी पूर्ण १६८ घातले तर उत्तर येतं १५,३५३ चौरस मीटर, म्हणजे दीड हेक्टरहून जास्त. कागदावर जमीन अकरा पटीहून अधिक फुगली.

आता गोणी वाचूया

युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं. हा आकडा सूत्रातूनच निघतो, आणि मी हे गणित मुलांकडून हातानं करून घेतो. युरियाचं सूत्र: सी, ओ, कंसात एन-एच-टू, कंसाबाहेर पायाशी २. कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजन दोन म्हणजे २८, हायड्रोजन चार म्हणजे ४. बेरीज ६०. त्यात नायट्रोजन २८. साठात अठ्ठावीस म्हणजे ४६.६७ टक्के. शुद्ध युरियात याहून जास्त नत्र बसूच शकत नाही. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो नत्र. ज्या दिवशी हे जमतं त्या दिवशी पोरं घरी जाऊन गोणी उलटीपालटी करून पाहतात.

मिश्रखताच्या गोणीवर एन-पी-के आणि खाली १०:२६:२६ असं असतं. नत्र, स्फुरद, पालाश याच क्रमानं. इथं मात्र एक जुनी प्रथा आड येते. एन हा खरोखर नायट्रोजन आहे, पण पी च्या खालचा २६ हा निव्वळ फॉस्फरस नाही. तो पी-टू-ओ-फाइव्ह या रूपात मोजलेला असतो, आणि के हा के-टू-ओ या रूपात. रसायनतज्ज्ञ पूर्वी खनिजांचं पृथक्करण ऑक्साइडमध्ये मांडत, तीच रीत खतांत राहिली. ५० किलोच्या गोणीत त्या हिशेबानं स्फुरद १३ किलो, पण त्यातला निव्वळ फॉस्फरस सुमारे ५.७ किलो. पालाशाच्या १३ किलोत निव्वळ पोटॅशियम सुमारे १०.८ किलो. शेतकऱ्यानं यामुळं खताची मात्रा बदलायची नाही, कारण शिफारशीही याच ऑक्साइडच्या हिशेबात असतात. गोणी आणि शिफारस एकाच मापानं बोलतात. विद्यार्थ्यानं मात्र हा फरक समजून घ्यायलाच हवा.

मृदा आरोग्य पत्रिकेवर पहिल्यांदा दिसतो तो स्मॉल पी आणि कॅपिटल एच. हा पी फॉस्फरस नव्हे, आणि एच मात्र हायड्रोजनच आहे. १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनी हे माप सुरू केलं. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली. आमची काळी माती बहुधा सातच्या वर असते. त्यानंतर ‘ईसी’ येतो, मातीची विद्युत वाहकता, त्यावरून क्षार किती ते कळतं. ‘ओसी’ म्हणजे सेंद्रिय कर्ब. इथं दोन कॅपिटल अक्षरं पाहून ऑक्सिजन आणि कार्बन वाचू नका, ही दोन शब्दांची पहिली अक्षरं आहेत. खालचे झेड-एन, एफ-ई, सी-यू, एम-एन, बी ही मात्र खरी मूलद्रव्यं: जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन.

आणि हाच ‘ईसी’ कीटकनाशकाच्या बाटलीवर दिसला तर? ‘२० ईसी’ म्हणजे त्यात २० टक्के क्रियाशील घटक आहे आणि ते पाण्यात टाकताच दुधासारखं पांढरं होणारं द्रावण आहे. ‘एसएल’ पाण्यात पूर्ण विरघळतं, ‘डब्ल्यूपी’ ही पाण्यात कालवायची भुकटी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं माणसं दगावली, हे आम्ही जवळून पाहिलं आहे. म्हणून वर्गातल्या मुलांना मी बाटलीवरचं लेबल वाचायला शिकवतो, पण बाटली हातात घेऊ देत नाही. रिकामीसुद्धा नाही. लेबलाचा फोटो वहीत चिकटवायचा आणि त्यावरून वाचायचं.

सरावासाठी आज रात्री एवढं करा. मिठाच्या पुड्यापासून खाण्याच्या सोड्यापर्यंत घरातल्या तीन पदार्थांची सूत्रं पुस्तकातून शोधून वहीत लिहा, प्रत्येक कॅपिटल अक्षराखाली रेघ मारा आणि रेघा मोजा. खाण्याच्या सोड्यात चार रेघा यायला हव्यात: सोडियम, हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन. पाच आल्या तर सोडियमचा स्मॉल ए तुम्ही कॅपिटल लिहिला आहे.